पाऊण तासाची मैफल



स्मरणिकेत आपण दरवर्षी नाटकांवर, पुस्तकांवर आणि गणपतीतल्या कार्यक्रमांवर लिहितो. या वर्षी संपादकांकडे मी एक वेगळा विषय मागून घेतला. आपली मुलं इथे पियानो शिकतात आणि ग्रेड परीक्षा देतात. आता त्यातली काही डिप्लोमाला, तर काही थेट म्युझिक कॉलेजच्या मास्टर्सपर्यंत पोचली आहेत. शेवटच्या परीक्षेला त्यांना एकटीने व्यासपीठावर बसून पाऊण-एक तास वाजवावं लागतं. त्या तासात 'कसं' वाजवलं यावर पुष्कळ बोललं जातं. मला लिहायचं आहे ते 'काय' वाजवलं यावर.

सुरुवातीलाच सांगते की मी पियानिस्ट नाही. पुण्यात शाळेत असताना गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमापर्यंत पेटी शिकले. मग इंजिनिअरिंग, इंग्लंडमध्ये मास्टर्स आणि त्यानंतर आयटी कन्सल्टिंगची भटकंती असा सरळ रस्ता आहे. पण ऐकण्याचा नाद सुटला नाही. इल्फर्डला राहायचा एक मोठा फायदा म्हणजे एलिझाबेथ लाइन. २०२२ च्या नोव्हेंबरपासून गाडी न बदलता बाँड स्ट्रीटला उतरता येतं, आणि तिथून विगमोर हॉल चालत काही मिनिटांवर आहे. कॉलेजांमधले विद्यार्थ्यांचे कार्यक्रमही बरेचसे विनामूल्य असतात. गेल्या दोन-तीन वर्षांत असे बरेच ऐकले. काही आपल्या मुलांचे होते, बरेचसे इतरांचे. ही समीक्षा त्या सगळ्यांची मिळून आहे.

कोरा कागद

ग्रेड आठपर्यंत मुलांना यादी मिळते. ए, बी, सी अशा गटांतून एकेक रचना उचलायची. एबीआरएसएमने २०२० मध्ये परफॉर्मन्स ग्रेड्स सुरू केल्या, त्यात चौथी रचना आपल्या पसंतीची घेता येते. तेवढंच काय ते स्वातंत्र्य. पुढे एआरएसएमसारख्या अर्ध्या तासाच्या डिप्लोमात यादीबाहेरचं थोडं घेता येतं. मास्टर्सच्या रिसायटलला मात्र बहुधा वेळेची मर्यादा सांगतात आणि हातात कोरा कागद देतात. त्यावर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

माझ्या मते खरी परीक्षा इथेच सुरू होते. बोटांची तयारी वर्षानुवर्षांच्या रियाजाने होते. पण पाचशे वर्षांच्या संगीतातून तीन-चार रचना निवडायच्या, त्या कोणत्या क्रमाने मांडायच्या आणि या चारच का, याचं उत्तर स्वतःला द्यायचं, ही समीक्षकाची कामगिरी आहे. वाजवणारा तिथे स्वतःच समीक्षक होतो.

मुळात 'एकट्याने पियानोवर पूर्ण कार्यक्रम करायचा' ही कल्पना तशी नवीच आहे. फ्रान्झ लिस्टने ९ जून १८४० रोजी लंडनच्या हॅनोवर स्क्वेअर रूम्समधल्या आपल्या कार्यक्रमाला 'रिसायटल्स' हा शब्द वापरला, तेव्हा लोक बुचकळ्यात पडले. पियानोवर 'रिसाइट' कसं करणार बुवा? त्याआधी एका कार्यक्रमात गायक, व्हायोलिनवाले, ऑर्केस्ट्रा अशी सगळी खिचडी असायची.

आणखी एक योगायोग मला फार आवडतो. विगमोर हॉल, म्हणजे तेव्हाचा बेक्स्टाइन हॉल, ३१ मे १९०१ ला सुरू झाला. त्याच महिन्यात, ५ मे १९०१ ला, पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. दोन्हीकडे तीच धडपड चालू होती. दरबारातून आणि दिवाणखान्यातून संगीत बाहेर काढायचं आणि तिकीट काढून किंवा फी भरून येणाऱ्या सामान्य माणसाच्या पुढ्यात ठेवायचं. आपली मुलं या दोन्ही परंपरांची वारस आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

थाळी, ट्रॉफी आणि पासपोर्ट

जे कार्यक्रम ऐकले, त्यांतले फसलेले तीन प्रकारांत बसतात.

पहिला प्रकार थाळीचा. एक बाख, एक बेथोवन, एक शोपँ आणि शेवटी काहीतरी विसाव्या शतकातलं. वरण, भात, भाजी, कोशिंबीर. सगळं वाढलं आहे, कुणाचीच तक्रार नाही, पण घरी जाताना आठवत काहीच नाही. हा ग्रेडच्या यादीचा संस्कार आहे. वर्षानुवर्षं गटवार निवडायची सवय लागली की यादी नसतानाही हात गटवारच निवडतो. थाळीत चूक अशी काही नसते. पण एका पदार्थाचा दुसऱ्याशी काय संबंध, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

दुसरा प्रकार ट्रॉफीचा. आपल्या समाजात हा जास्त, आणि त्याचं कारण आपण आई-बाबा आहोत! 'सगळ्यात अवघड कुठलं?' हा आपला लाडका प्रश्न. बालाकिरेव्हने १८६९ मध्ये 'इस्लामे' लिहिलं आणि ते अवघडपणाचं मापच होऊन बसलं. मग रावेलने १९०८ मध्ये 'गास्पार द ला न्वी' लिहिलं, तेव्हा त्यातला 'स्कार्बो' हा भाग 'इस्लामे'पेक्षा कठीण करायचा असं ठरवूनच लिहिला. ही दोन्ही एकाच कार्यक्रमात वाजवलेली मी ऐकली आहेत. मुलाची बोटं विजेसारखी चालत होती. पण 'गास्पार'च्या मधल्या भागात एक घंटेचा स्वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजत राहतो. तो ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणू शकतो, पण त्या संध्याकाळी तो नुसता वाजून गेला. वाजवणाऱ्याचं अर्धं लक्ष पुढच्या डोंगराकडे होतं. परीक्षकांना अवघड रचनेचं कौतुक असतं हे खरं. पण अवघड रचना जेमतेम सर केलेली त्यांना पहिल्या दोन पानांत कळते, हेही तितकंच खरं.

तिसरा प्रकार पासपोर्टचा, आणि तो जरा नाजूक आहे. नाव मराठी, चेहरा भारतीय, म्हणून कार्यक्रमात एक 'भारतीय' रचना हवी. कधी कॉलेज सुचवतं, कधी आपणच आग्रह धरतो. शेवटी पाच मिनिटांचं काहीतरी जोडलं जातं. लग्नात इंग्रज पाहुण्यांना फेटा बांधतात ना, तसं. सगळे टाळ्या वाजवतात, फोटो निघतात आणि संगीत तिथल्या तिथे राहतं.

घरातली गोष्ट

हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्याच घरी आला. माझ्या नणंदेची मुलगी लंडनमध्ये पियानोत मास्टर्स करत होती. तिला शेवटच्या रिसायटलला पन्नास मिनिटं होती. तिच्या शिक्षकांनी अगदी चांगल्या मनाने विचारलं, "तुझ्या मातीतलं काही घेणार का?" ही घरी येऊन म्हणते, "मामी, माझी माती म्हणजे कुठली गं? व्हॅलेंटाइन्स पार्कची?"

त्या रविवारी आमच्या पुढच्या खोलीत गोलमेज परिषद भरली. सासूबाई म्हणाल्या, "एखादं नाट्यगीत बसव ना पियानोवर." नणंद म्हणाली, "आई, परीक्षा आहे ती, गणपती नाही." नणंदेच्या यजमानांचं म्हणणं, "मार्क कशाला पडतात ते आधी बघ." भाची बिचारी काहीच बोलेना. मी तिला म्हटलं, "निवडायचं की नाही ते नंतर ठरव. आधी काय काय आहे ते तरी ऐकू."

मग पुढचे दोन महिने आम्ही दोघींनी ते केलं. सेमी-डिटॅच्ड घराच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हेडफोन लावून, रात्री जेवणं आटोपल्यावर. जे ऐकलं त्याबद्दलची माझी मतं पुढे देते. उद्या तुमच्या घरी हा प्रश्न आला तर उपयोगी पडतील.

सासूबाईंच्या सूचनेचं आधी सांगते, कारण ती वाटते तितकी भाबडी नाही. संगीत नाटकांत पायपेटी आणि ऑर्गन होतेच, आणि दोन्ही वाद्यं पश्चिमेकडूनच आली. अडचण वाद्याच्या परकेपणाची नाही, मींडेची आहे. गाताना एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना मधे जे घडतं, तेच आपलं गाणं. पियानोत दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नसतं. याच कारणावरून पेटीलाही आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं बाहेर ठेवलं होतं. पेटीचा स्वर निदान भात्याने धरून तरी ठेवता येतो, पियानोचा स्वर वाजला की विरायलाच लागतो. म्हणून नाट्यगीत पियानोवर बसवलं की चाल राहते आणि गाणं जातं. घरच्या कार्यक्रमात मजा येईल, पण रिसायटलला ते दुबळं पडेल.

चार उमेदवार

पहिला उमेदवार आपला शेजारीच निघाला. काइखुश्रू शापुरजी सोराबजी हा संगीतकार १८९२ मध्ये चिंगफर्डला जन्मला. आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास! वडील मुंबईचे पारशी, सिव्हिल इंजिनिअर. आई इंग्लिश. त्याची 'ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम' ही रचना जवळजवळ चार तासांची आहे आणि १ डिसेंबर १९३० ला ग्लासगोत त्याने स्वतः ती पहिल्यांदा वाजवली. पुढे त्याने आपलं संगीत कुणी जाहीरपणे वाजवावं याला कित्येक वर्षं परवानगीच दिली नाही. १९७६ मध्ये तो जरा विरघळला. तो १९८८ मध्ये वारला. चार तासांचं पन्नास मिनिटांत बसत नाही हे उघड आहे. पण 'इन द हॉटहाउस' (१९१८) सारख्या त्याच्या छोट्या रचना आहेत. दमट, सुगंधी, वेलींनी गच्च भरलेलं संगीत. भाचीला ते आवडलं. माझी हरकत वेगळीच होती. सोराबजीला स्वतःला 'हिंदी' म्हणवून घेणं मुळीच आवडत नसे, अभिमान असला तर तो पारशी वारशाचा. त्या माणसाला पासपोर्ट म्हणून वापरणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच. त्याला घ्यायचं तर त्याच्या बागेसाठी घ्यावं, आडनावासाठी नको.

दुसरा जॉन फोल्ड्स. हा मँचेस्टरचा. त्याची पत्नी मॉड मॅकार्थी ही व्हायोलिन वाजवणारी, आणि तिने भारतात जाऊन आपलं संगीत शिकून घेतलं होतं. फोल्ड्सच्या 'एसेज इन द मोड्स' या पियानोच्या रचना १९२८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. प्रत्येकीत सात स्वरांचा एकच संच, बाहेरचा एकही स्वर नाही. दाक्षिणात्य मेळांवरून सुचलेली युक्ती. पुढे तो दिल्लीला आकाशवाणीत काम करायला गेला आणि १९३९ मध्ये कलकत्त्यात वारला. रचना सुरेख आहेत, हाताला आव्हान देणाऱ्याही आहेत. पण आपल्या कानाला लगेच कळतं की हा थाट आहे, राग नाही. भातखंड्यांनी दहा थाट मांडले ते रागांची वर्गवारी करायला. थाट गायला जात नाही. चलन, न्यास, वादी-संवादी आले की राग होतो. फोल्ड्सने कपाट उत्तम बनवलं आहे, त्यातली साडी मात्र नाही. तरीही आळसाने कुठल्याही रागाचं नाव देऊन खपवलेल्या 'ओरिएंटल' तुकड्यांपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

तिसरे वनराज भाटिया. आपल्या पिढीला ते 'मंथन'मुळे, 'भारत एक खोज'मुळे आणि हंसा वाडकरांच्या आत्मकथेवर बेतलेल्या 'भूमिका'मुळे (१९७७) माहीत. मुंबईत जन्मलेल्या या माणसाने लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि नंतर पॅरिसला नादिया बूलाँजेकडे शिक्षण घेतलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते २०२१ मध्ये गेले. त्यांची 'फँटेशिया अँड फ्यूग इन सी' (१९९९) ही पियानोची रचना डिप्लोमाच्या पुढच्या मुलांनी जरूर पाहावी. मला त्यांचं आवडतं ते असं, की मुंबईचा माणूस फ्यूग लिहितो आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागत नाही. आपल्या मुलांच्या परिस्थितीच्या सर्वांत जवळ मला तेच वाटतात.

आणि चौथा ऑलिव्हिए मेसियाँ. हा फ्रेंच, कट्टर कॅथलिक. भारताशी नातं एका पुस्तकापुरतं. पण ते पुस्तक कुठलं? तर 'संगीतरत्नाकर'! तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघण राजाच्या काळी, शार्ङ्गदेवाने लिहिलेलं. म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेजारच्या दौलताबादचं. पुण्याच्या आनंदाश्रमाने ते १८९६-९७ मध्ये छापलं. त्याच्या तालाध्यायात १२० देशी तालांची यादी आहे. मेसियाँला ती एका फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि त्याने ती जन्मभर सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना त्याने जे प्रसिद्ध चौकडीवादन रचलं, जे छावणीतच १५ जानेवारी १९४१ ला पहिल्यांदा वाजलं, त्यातल्या पियानोच्या लयीत रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे देशी ताल आहेत. थंडीने काकडणाऱ्या कैद्यांसमोर देवगिरीचे ताल! हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही.

त्याची पियानोची 'कांतेयोद्जया' ही रचना १९४९ मधली, अमेरिकेत टँगलवूडला लिहिलेली. सुमारे बारा मिनिटांची. त्यात तुकड्यांवर नावं लिहिली आहेत. काही रत्नाकरातल्या तालांची, काही चक्क त्याने स्वतःच जुळवलेली संस्कृतसारखी वाटणारी. मराठी वाचकाला हसू आल्याशिवाय राहत नाही. शिवाय आपल्या दृष्टीने त्याने तालाचं तालपणच काढून घेतलं आहे. आवर्तन नाही, ठेका नाही, सम नाही. आपला तबलजी समेवर येतो तेव्हा सगळी मैफल मान डोलावते. इथे मान डोलावायला जागाच नाही. मेसियाँला तालातली फक्त मात्रांची मांडणी हवी होती. पण ती त्याने ज्या बारकाईने पाहिली, तशी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली? 'ढेंकी' हा ताल घ्या. गुरु, लघु, गुरु. उजवीकडून वाचा की डावीकडून, तोच. उलटसुलट सारख्या असणाऱ्या अशा लयींवर मेसियाँचा भारी जीव, आणि त्याचा मूळ नमुना त्याला इथे दिसला. म्हणून माझं मत असं, की चौघांत सर्वांत कमी 'भारतीय' असलेल्या या माणसाने आपल्या एका ग्रंथाला सर्वांत गंभीरपणे घेतलं.

मैफलीची अक्कल

आता मुद्दा असा, की यातलं काहीही निवडलं तरी ते बाकीच्या कार्यक्रमाशी बोललं पाहिजे. इथे आपल्याकडे शिकवण्यासारखं खूप आहे.

आपल्या मैफलीत क्रम हा नुसता रिवाज नसतो. विलंबित ख्यालाने कान रुंद होतो, द्रुत त्याला जागं करतं, मग ठुमरी किंवा अभंग कानात शिरतो तो वेगळ्याच वाटेने. भैरवी शेवटी का, हे सांगावं लागत नाही. कुमार गंधर्वांनी तर याच्याही पुढे जाऊन 'गीतवर्षा', 'त्रिवेणी', 'मला उमजलेले बालगंधर्व' असे एकेका कल्पनेभोवती पूर्ण कार्यक्रम बांधले. 'मला उमजलेले' या दोन शब्दांत समीक्षा आणि सादरीकरण एकत्र आलं आहे. प्रत्येक रिसायटलच्या कोऱ्या कागदावर वरती हे दोन शब्द अदृश्य शाईने लिहिलेले असावेत असं मला वाटतं.

इथल्या परंपरेतही याची उदाहरणं आहेत. महायुद्धात लंडनचे बाकी हॉल बंद असताना मायरा हेस या पियानिस्टने नॅशनल गॅलरीत दुपारचे कार्यक्रम सुरू केले. ऑक्टोबर १९३९ ते एप्रिल १९४६, जवळजवळ १,७०० कार्यक्रम. भिंतींवरची चित्रं सुरक्षित ठिकाणी हलवलेली, शहरावर जर्मन बॉम्ब पडताहेत, आणि तिथे बाख-बेथोवन वाजत होते. जर्मन म्हणून ते टाळले नाहीत. काय वाजवायचं या निवडीतूनच केवढी मोठी गोष्ट बोलून जाता येते पाहा!

शेवटी कागदावर काय आलं

भाचीने निवडलं ते असं. बाखची पाचवी फ्रेंच स्वीट, मग मेसियाँची 'कांतेयोद्जया', आणि शेवटी बेथोवनचा ओपस ११० सोनाटा. वर वर पाहिलं तर ही थाळीच. पण तिने मला समजावलं तेव्हा मी गप्प झाले. स्वीटच्या शेवटच्या 'जीग'मध्ये दुसऱ्या भागात मूळ सुरावट उलटी होऊन येते, चढती होती ती उतरती. मेसियाँच्या लयी उलटसुलट सारख्या. आणि बेथोवनच्या शेवटच्या भागात एक विलापगीत, मग फ्यूग, पुन्हा तोच विलाप पण दम तुटल्यासारखा, आणि मग एकच कॉर्ड वाढत्या आवाजात पुन्हा पुन्हा. त्यातून फ्यूग परत उभा राहतो तो उलटा होऊन, आणि जी मेजरमध्ये! म्हणजे बाखने जिथून सुरुवात केली होती त्याच स्वरात. बेथोवनने या सोनाटाच्या हस्तलिखितावर २५ डिसेंबर १८२१ ही तारीख घातली आहे. त्याच सुमारास तो आजारातून उठला होता, आणि 'हळूहळू पुन्हा जिवंत होत' अशी सूचना त्याने तिथे लिहून ठेवली आहे.

मातीचा प्रश्न तिने असा सोडवला. देवगिरी कार्यक्रमात आली, पण पाहुणी म्हणून नाही. तिच्यावाचून पूल पुरा होत नव्हता म्हणून आली.

समीक्षक म्हणून दोन उणिवा नोंदवते. एक, मेसियाँनंतर लगेच बेथोवनच्या त्या कोवळ्या सुरुवातीला कान तयार नसतो. तिने तिथे आणखी दहा सेकंद हात मांडीवर ठेवायला हवे होते. आपल्याकडे दोन रागांच्या मधे तंबोरे पुन्हा लावतात, ते नुसते सुरासाठी नव्हे. दोन, कार्यक्रमपत्रिकेत तिने मेसियाँविषयी लिहिलं, पण शार्ङ्गदेवाचं नाव गाळलं. जागा नव्हती म्हणे. एका ओळीची जागा नेहमी असते. बाकी कार्यक्रम मला पूर्ण पटला. सासूबाईंचं मत, "मधलं काही कळलं नाही बाई, पण शेवटी तो रडून उठला ते कळलं." ओपस ११० वर मी वाचलेल्या कित्येक पानांपेक्षा हे वाक्य मला जास्त नेमकं वाटतं.

पालकांसाठी चार शब्द

तुमच्या घरी कोरा कागद येईल तेव्हा 'सर्वांत अवघड कुठलं' हे विचारू नका. 'कुठल्या दोन रचना एकमेकींशी बोलतात' हे विचारा. घड्याळ लावून पूर्ण कार्यक्रम निदान तीन वेळा घरी वाजवून घ्या. वेळ ओलांडली तर गुण जाऊ शकतात, आणि शिवाय शेवटच्या रचनेपर्यंत हातात किती ताकद उरते हे तेव्हाच कळतं. एखादी रचना जेमतेम येत असेल तर तिच्या जागी एक पायरी सोपी घ्या आणि ती मनापासून वाजवू द्या. भारतीय काही घ्यायचं का, हा निर्णय मुलांवर सोडा. मात्र निवडण्याआधी ऐकायला काय काय आहे ते त्यांच्यापर्यंत पोचवणं, हे आपलं काम आहे. सोराबजी, फोल्ड्स, भाटिया, मेसियाँ ही नावं कुणीतरी सांगितल्याशिवाय समजत नाहीत. आणि त्यांनी शेवटी यातलं काहीच न घेता नुसता शूबर्ट वाजवला, तर तोही त्यांचाच. पुण्यातल्या माझ्या पेटीचा जन्मदाखला कुणी मागितला नव्हता.

शार्ङ्गदेव यादवांकडे हिशेबखात्याचा प्रमुख होता. आजच्या भाषेत बोलायचं तर आपल्यासारखाच दिवसा ऑफिस करणारा माणूस. त्याने १२० ताल एका मागोमाग एक नीट लिहून ठेवले. सातशे वर्षांनी ते कुणाच्या हाती लागतील, कुठल्या वाद्यावर वाजतील, याची त्याला काही कल्पना असणं शक्य नव्हतं. त्याने फक्त यादी चोख ठेवली. आपणही मुलांसाठी तेवढं करू या. त्यातलं काय वाजवायचं, ते त्यांना ठरवू द्या.